कॉमिक्सवर कसली आलीय समीक्षा?

‘पीएचडीवाल्यांची टिंगल करणारी कॉमिक्स हसून सोडून द्यायची असतात, त्यांची कसली समीक्षा करत बसता?’ हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

रँडल मन्रोच्या ‘एक्सकेसीडी’ या इंटरनेटवरच्या कॉमिक मालिकेतलं २०११चं एक कॉमिक घ्या. जेली बीन (रंगीबेरंगी गोड गोळ्या) खाल्ल्याने मुरमं येतात का, हे शास्त्रज्ञांना तपासायला लावतात. संबंध सापडत नाही. मग कुणीतरी म्हणतं, एखाद्या ठरावीक रंगानेच येत असतील. पुढे २० चौकटी, २० रंग, आणि जवळपास प्रत्येकीत तेच वाक्य: संबंध आढळला नाही. फक्त हिरव्यात आढळतो, आणि शेवटी वर्तमानपत्रात हिरव्या जेली बीनचा ठळक मथळा झळकतो. वीसदा चाचणी केली की एखादी नुसत्या योगायोगानेही ‘यशस्वी’ ठरू शकते, एवढं ठाऊक असलं की विनोद कळतो.

मला रस आहे तो त्या २० चौकटींत. दोन-तीन काढून पुढे ‘वगैरे’ म्हणता आलं असतं. मन्रोने सगळ्या काढल्या. आणि आपण वाचताना काय करतो? तिसऱ्या-चौथ्या चौकटीनंतर नुसती नजर फिरवतो आणि हिरव्यापाशी थबकतो. म्हणजे १९ नकार गाळून एक होकार उचलणाऱ्या त्या बातमीदाराचंच काम आपण करून बसतो! चित्रातली माणसं नुसत्या काड्या जोडून काढलेली असली म्हणून काय झालं, मांडणी पक्की आहे. ती कशी पक्की आहे हे दाखवणं यालाच मी समीक्षा म्हणते.

कौतुकच करायचं असंही नाही. होर्हे चाम यांनी स्टॅनफर्डमध्ये स्वतः विद्यार्थी असताना १९९७मध्ये ‘पीएचडी कॉमिक्स’ सुरू केली. नायकाला नावच नाही. तिथे कुणीही स्वतःला बसवून घ्यावं, ही नामी युक्ती. पण गाईड दाद देत नाही, प्रबंध संपत नाही, फुकटचं खाणं दिसलं की विद्यार्थी धावतात, हे चक्र वर्षानुवर्षं फिरत राहतं. मालिकेत पुनरावृत्ती येणारच, तिची तक्रार नाही. खटकतं ते हे की, गाईडच्या मर्जीवर कुणाचं तरी करिअर टांगलेलं असणं इथे पावसापाण्यासारखं येतं. ते बदलता येईल, असं बऱ्याच पट्ट्यांत (कॉमिक स्ट्रिप्समध्ये) कुणाच्या मनातही येत नाही. हसून मोकळा झालेला माणूस तक्रार करायला सहसा उठत नाही. (कधी उलटही होतं: त्याच पट्टीमुळे दोघांना कळतं, हे फक्त माझ्याच वाट्याला आलेलं नाही.) ‘गंमत आहे हो ती’ म्हणून सूट दिली, तर हा प्रश्न विचारायचाच राहून जातो.

प्रतिष्ठेचं म्हणाल, तर येल विद्यापीठाच्या विद्यार्थी दैनिकातल्या पट्टीतून पुढे आलेल्या गॅरी ट्रूडो यांच्या ‘डून्सबरी’ला १९७५मध्ये पुलित्झर हा अमेरिकेतला पत्रकारितेचा मानाचा पुरस्कार मिळाला. हा दाखला कामाला येतो, पण मला लंगडा वाटतो. बक्षीस मिळेपर्यंत ती काय बिनमहत्त्वाची होती?

माझी खरी अडचण वेगळीच आहे. या कॉमिक्सवर लिहिणारे आम्ही बहुतेक विद्यापीठातलेच. आपल्यावरचा विनोद आपल्याला जरा जास्तच गोड लागतो, आणि मग सुमार पट्टीलाही ‘मार्मिक’ म्हणून टाकतो. विद्यापीठाशी काडीचा संबंध नसलेल्या कुणीतरी ही कॉमिक्स वाचून ‘यात हसण्यासारखं काय आहे?’ असं विचारावं, आणि ते लिहूनही काढावं. तसला लेख मी आधी वाचेन.