भोकांची गोधडी

पाऊस ओसरायला लागला की मुरबाडकडचे साग अचानक आजारी दिसू लागतात. श्रावणात पांढुरक्या तुऱ्यांनी डवरलेली झाडं, आणि महिन्या-दीड महिन्यात नुसती तांबूस, भाजल्यासारखी. जवळ जाऊन खाली पडलेलं एखादं पान उचलावं, तर सुपाएवढं पान जागच्या जागी आहे, फक्त त्यातलं हिरवं कुणीतरी काढून नेलंय. हे काम एका बारीकशा अळीचं. शिरांमधलं मऊ मऊ ती खाते आणि शिरा तशाच सोडून देते. अख्खं झाड खरवडलं तरी झाड सहसा मरत नाही. थोड्या दिवसांनी पानं झडणारच असतात, ती झाडाआधी आपलं उरकून घेते इतकंच.

ते जाळीचं पान उन्हासमोर धरलं आणि मला वाटलं, याची गोधडी करावी.

वाटायला काय जातं! आमच्या घरात सुई भोकं बुजवण्यासाठी होती. आजी उन्हाळ्यात अंगणात गोधडी घालायची तेव्हा तळाला जुन्या लुगड्याचा धडपा, चार कोपऱ्यांवर चार दगड, वर धोतरं, परकर, मामाच्या शाळेच्या सदऱ्याची पाठ, असे थर चढत जायचे. विरलेला भाग आला की त्यावर ठिगळ. मग कडेपासून धावदोरा सुरू व्हायचा आणि चौकोनात चौकोन करत, बोटभर अंतर राखत मध्याकडे सरकायचा. शेवटचे टाके घालायच्या आधी ती आत भाकरीचा इवलासा तुकडा सारायची. गोधडीचं पोट रिकामं राहू नये म्हणून. (उंदरांचीही सोय व्हायची, पण हे तिच्यासमोर बोलायची सोय नव्हती.) अशा बाईच्या नातीने धडधाकट कापडाला मुद्दाम भोकं पाडायची म्हणजे वंशाला बट्टाच.

तरी मी बसले. आधी हिरव्या कापडाचं पान कापून तपकिरी कापडावर शिवलं. बालवाडीच्या भिंतीवर शोभलं असतं.

मग ठरवलं, पान काढायचं नाही, पानालाच काढू द्यायचं. सागाचा कोवळा कोंब तळहातावर चोळला की हात लाल होतो. लहानपणी आम्ही तसा हात आजीला दाखवून "रक्त आलं" म्हणून ओरडायचो आणि ती दर वेळी इमानदारीने घाबरायची. तोच रंग कापडावर उतरवायचा. सुती कापड हिरड्याच्या पाण्यात आणि मग तुरटीत बुडवून वाळवलं, त्यावर कोवळी पानं पसरली, काठीवर गच्च गुंडाळून सुतळीने आवळलं आणि दोन तास वाफवलं. (ते पातेलं स्वयंपाकातून कायमचं बाद झालं. रंगाचं पातेलं परत चुलीवर येत नसतं.) गुंडाळी सोडली तर आत जांभळट लाल पानं, देठासकट. पाहून खुळी झाले. एका तुकड्यावर हौसेने गंजक्या खिळ्यांचं पाणी शिंपडलं, तर हिरड्यातल्या तुरटपणाला लोखंड भेटल्याबरोबर कापड करडं-काळं पडलं, थेट पावसाळी आभाळ. सगळं सुंदर होतं. पण पानं अखंड होती. अळी जेवलीच नव्हती.

पुढचा प्रयोग ऑर्गेन्झाचा. हे कृत्रिम धाग्याचं झिरझिरीत कापड तापल्या सोल्डरिंग गनने टोचलं की भोक पडतं आणि कडा वितळून आपोआप बंद होते, दोरे सुटत नाहीत. सुती कापड असं वितळत नाही, ते नुसतं करपतं. भोकं झकास पडली. प्लास्टिकचा वास जिन्यात गेला आणि शेजारच्या काकू "काय गं, काही लागलं का खाली?" म्हणत दारात आल्या. त्यांनी ते पान हातात धरून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "इस्त्रीने जळलं होय! होतं असं." माझी समीक्षा तिथेच आटोपली.

शेवटी हाती लागली पाण्यात विरघळणारी फिल्म. पातळ प्लास्टिकसारखी दिसते. ती फ्रेममध्ये ताणायची, मशीनचे कापड पुढे सरकवणारे दात खाली पाडायचे आणि मोकळ्या हाताने तिच्यावर नुसत्या दोऱ्याने चित्र काढायचं. मग कोमट पाण्यात बुडवलं की फिल्म जाते, दोरा राहतो. मी मधली शीर घातली, दोन्हीकडच्या शिरा घातल्या, अभिमानाने बादलीत सोडलं. हाताला आला दोऱ्याचा गुंता.

पुन्हा जाऊन खरं पान पाहिलं. सागाच्या मोठ्या शिरांच्या मध्ये बारीक आडव्या शिरा असतात, शिडीच्या पायऱ्यांसारख्या, आणि त्यांच्याही मध्ये आणखी बारीक. एकही शीर मोकळी लोंबत नाही. प्रत्येक दोरा दुसऱ्या दोऱ्यावरून गेलाच पाहिजे, नाहीतर फिल्म गेल्यावर त्याला धरायला कुणी नाही. तीन संध्याकाळी पायऱ्याच शिवत होते. या खेपेला बादलीतून पान निघालं.

आता ही जाळी टाकायची कशावर? पांढऱ्यावर ती विणकामाची रुमाली वाटे, काळ्यावर एक्स-रे. रंग शोधायला ट्रंक उपसली आणि तळाशी आजीची शेवटची गोधडी सापडली. वरचा थर ठिकठिकाणी विरून गेलेला, टाके मात्र जागच्या जागी. टाक्यांच्या मधलं कापड गेलेलं आणि त्या चौकोनांतून खालचं हिरवं लुगडं डोकावत होतं, एके ठिकाणी त्याच्याही खालची मामाच्या सदऱ्याची रेघ. मी जे चार महिने बादलीत बुचकळत होते ते इथे आपसूक होऊन पडलं होतं. जाळी तिच्यावरच टाकली. हातानेच टाचली, मशीन लावायचा धीर झाला नाही.

न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियमने 1971 मध्ये अमेरिकन बायकांच्या जुन्या गोधड्या चित्रांसारख्या भिंतीवर टांगून प्रदर्शन भरवलं होतं. तेव्हापासून गोधडी भिंतीवर चढवताना फारसं लाजायचं कारण उरलेलं नाही. मीही दिवाणखान्यात टांगली. आजी असती तर विचारलं असतं, "बाय, भिंतीला थंडी वाजते का?"

जानेवारीत डोंबिवलीला चुकून थंडी पडली. त्याच दिवशी भाचा मित्रांना घेऊन मुक्कामाला आला, पांघरुणं कमी पडली आणि रात्री बाराला मी ती खिळ्यावरून उतरवून त्याच्या अंगावर घातली. सकाळी पाहते तर सागाच्या पानातून त्याच्या पायाचा अंगठा बाहेर आलेला, तीन पायऱ्या तुटलेल्या. सुईत दोरा ओवून मी शेजारी बसले, पण तो गाढ झोपला होता.