अबोल, घुमा की मख्ख?

रिझर्व्हड, रेटिसंट, टॅसिटर्न, स्टोइक, अलूफ. हे इंग्रजी शब्द मराठीत आणताना या सगळ्यांना आपण ‘अबोल’ म्हणून मोकळे होतो आणि घोळ होतो. माणूस नेमकं काय आवरून धरतोय, एवढं आधी पाहावं.

मन चटकन उघडं करत नाही, पण ओळख वाढली की खुलतो, तो रिझर्व्हड. शिफारसपत्रात हा शब्द चालतो. तिथेच अलूफ लिहिलंत तर त्या विद्यार्थ्याचं नुकसान, कारण त्याचा अर्थ आपल्या बोलीतला ‘शिष्ट’: मुद्दाम चार हात लांब राहणारा. शब्द मुळात दर्यावर्दी लोकांचा. वारा जहाजाला किनाऱ्यावर ढकलू नये म्हणून नाक वाऱ्याकडे धरायचं, त्यावरून आला.

रेटिसंट आणि टॅसिटर्न दोन्हींच्या मुळाशी ‘गप्प राहणे’ याचं लॅटिन क्रियापद आहे, तरी फरक मोठा. टॅसिटर्न हा स्वभाव, आपला घुमा. रेटिसंट बहुधा विषयापुरता: एरवी गप्पिष्ट, पण पगाराचं विचारलं की तोंडाला कुलूप. म्हणून त्याच्यामागे ‘अबाउट’ शोभतं. ‘रेटिसंट टु गो’ आजकाल सर्रास दिसतं, पण काचकूच करणाऱ्यासाठी रिलक्टंट हा चांगला शब्द असताना ते कशाला?

लॅकॉनिक म्हणजे मोजकं बोलणारा, एवढंच. भावनांशी त्याचा संबंध नाही.

सगळ्यात गैरवापर स्टोइकचा. अथेन्सच्या रंगीत ओसरीत, इसवीसनपूर्व 300च्या सुमारास झेनो हा तत्त्वज्ञ शिकवत असे. ओसरी म्हणजे स्टोआ, त्यावरून हे नाव. आजच्या वापरात स्टोइक म्हणजे सोसूनही हूं की चूं न करणारा. त्यामुळे वाक्यात दुखणं, तोटा, मरण असं काहीतरी हवं. ‘लग्नाच्या पंगतीत तो स्टोइक बसला होता’ हे तेव्हाच जमेल, जेव्हा जिलबी संपलेली असेल.

इम्पॅसिव्ह फक्त चेहऱ्याचं, बहुतेकदा त्या क्षणापुरतं: निकाल ऐकताना आरोपीची रेषही हलली नाही. इम्पॅशन्ड मात्र नेमका उलट, तळमळीचा. घाईत हे दोन हमखास अदलाबदल होतात.

उरले दोन. फ्लेगमॅटिक म्हणजे सहसा न चिडणारा, थंड डोक्याचा. ग्रीक वैद्यकातल्या कफावरून आलेला शब्द, त्यामुळे कफप्रकृती ठाऊक असलेल्याला लगेच कळतो. इथे ‘ग’ उच्चारायचा. नुसत्या कफाला मात्र ‘फ्लेम’. स्टॉलिड म्हणजे मख्ख. त्याच्या लॅटिन मुळात मठ्ठपणा आहे, तेव्हा साहेबाच्या कौतुकात तो वापरू नये.