टेलिक्रॉनचं दिव्याचं घड्याळ: रोटर शांत झाला, काच अजून बाकी

घड्याळाच्या मोटरमधल्या रोटरची, म्हणजे फिरत्या भागाची घरघर अखेर थांबली. आता अगदी कान लावला तरच बारीक गुणगुण ऐकू येते, आणि सेकंदकाटा कुठेही न अडखळता सलग फिरतोय.

हे घड्याळ न्यू जर्सीतल्या एका बंद झालेल्या औषधाच्या दुकानातलं. गोल, फुगीर काचेचं, तबकडीमागे दिवे असलेलं, पत्र्यावर टेलिक्रॉन, ॲशलँड, मॅसॅच्युसेट्स असा छाप. मोटर काढून बॅटरीवरचं क्वार्ट्झ मशीन बसव, असा सल्ला बऱ्याच जणांनी दिला. मला तो पटत नाही. हे घड्याळ चालतं तेच मुळी विजेच्या फ्रिक्वेन्सीवर, म्हणजे वीज सेकंदाला किती आवर्तनं घेते त्यावर. टेलिक्रॉन कंपनीचे संस्थापक हेन्री वॉरन यांनी ही मोटर केली तेव्हा वीजकेंद्रांची फ्रिक्वेन्सी स्थिर नसायची, त्यामुळे घड्याळं चुकायची. मग त्यांनी वीजकेंद्रासाठीच मास्टर क्लॉक बनवलं, म्हणजे फ्रिक्वेन्सी ठीक आहे का ते दाखवणारं घड्याळ. ऑक्टोबर १९१६ मध्ये ते बॉस्टनच्या एल स्ट्रीट केंद्रात लागलं. ज्या मोटरपायी वीजकेंद्रांना वेळ पाळायची सवय लागली, ती काढून टाकली तर उरतो नुसता सांगाडा.

रोटर म्हणजे एक बंद डबी. आतली चकती मिनिटाला ३६०० फेरे घेते आणि दातेरी चाकांच्या साखळीतून बाहेरचा दांडा ३.६ फेऱ्यांवर येतो. एवढ्या वेगाला तेल लागतंच, आणि इतक्या वर्षांत ते वाळून चिकट होतं. काही जण डबीला भोक पाडून तेल घालतात आणि वरून डाख देतात. मी भोक पाडलं नाही. डबी दिव्याखाली हाताला चटका बसेल इतपत तापवली, दांडा वर करून उभी केली आणि दांड्याच्या बुडाशी पातळ सिंथेटिक तेलाचा थेंब ठेवला. डबी निवू लागली तशी आतली हवा आकसली आणि थेंब बघता बघता आत ओढला गेला. दुसरा थेंब, मग तिसरा. थेंब जागचा हलेना तेव्हा थांबले. पहिल्या थेंबानंतर कडेने काळपट तेल वर आलं, ते कापसाने टिपून घेतलं.

वायरिंग सगळं नवीन केलं. जुन्या वायरचं रबर बोट लावताच भुगा होऊन पडत होतं. पत्र्याच्या डब्याला अर्थिंग दिलं, तीन पिनांचा प्लग लावला आणि पहिल्यांदा वीज दिली ती सिरीज टेस्ट लॅम्पमधून (वाटेत जोडलेला बल्ब, शॉर्ट असेल तर तो पेटतो), फक्त मोटरला. मोटर फार थोडा करंट घेते, त्यामुळे लॅम्प पेटला नाही म्हणजे शॉर्ट नाही असं समजायचं.

दिव्यांच्या बाबतीत मात्र मी जुन्याचा हट्ट सोडला. तापणाऱ्या बल्बांनी वरच्या बाजूला तबकडी पिवळी पडली आहे आणि रंगाला पापुद्रे सुटले आहेत. २७०० केल्विनचे छोटे एलईडी लावले. उजेड जवळपास तसाच उबदार दिसतो आणि डबा थंड राहतो.

पुण्याच्या एका मित्राला असंच घड्याळ घरी न्यायचंय, त्याच्यासाठी: स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, फ्रिक्वेन्सी बदलत नाही. अमेरिकेतल्या ६० हर्ट्झ विजेसाठी केलेलं घड्याळ भारतातल्या ५० हर्ट्झवर तासाला १० मिनिटं मागे पडणार. ६० हर्ट्झ देणारा शुद्ध साइन वेव्ह इन्व्हर्टर घे, नाहीतर ते इकडेच राहू दे.

आता उरली तबकडीची काच. अक्षरं मागच्या बाजूने छापलेली आहेत, म्हणून तिथे ना अमोनिया, ना स्पिरिट, ना पाणी. पुढची बाजू ओल्या फडक्याने पुसली, मागे फक्त मऊ कोरडा ब्रश फिरवला. तरी 'औषधे' या अर्थाच्या इंग्रजी शब्दातल्या दोन लाल अक्षरांच्या कडा सुटताहेत. त्या पापुद्र्यांना मागून चिकटवणारं, दिव्यासमोर डाग न दिसणारं आणि पुढे पिवळं न पडणारं काय वापरलंय तुम्ही? काचेच्या एका तुकड्यावर मी तसाच लाल रंग लावून ठेवलाय. जे सुचवाल ते आधी त्यावर करून बघेन, मगच तबकडीला हात लावेन.