चालता येऊ लागल्यानंतरचे महिने

डाव्या गुडघ्याच्या लिगामेंटची शस्त्रक्रिया होऊन मला आता दहा महिने झाले. मी फलटणजवळच्या एका माध्यमिक शाळेत क्रीडाशिक्षिका आहे. गेल्या वर्षी दिवाळीनंतर खो-खोच्या सरावात मुलींना खांबाजवळचा वळसा दाखवत असताना पाऊल मातीत जागच्या जागी राहिले, शरीर मात्र फिरले, आणि गुडघ्यातून आलेला ‘कट्ट’ असा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. एमआरआयमध्ये एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतला पुढचा अस्थिबंध (लिगामेंट), पूर्ण तुटल्याचे दिसले. सूज उतरून गुडघा सरळ होऊ लागेपर्यंत थांबून, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली, आणि मांडीच्या मागच्या बाजूच्या दोन कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारे चिवट पट्टे) काढून त्यांचा नवा अस्थिबंध बसवण्यात आला.

शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी फिजिओथेरपिस्ट मॅडमनी गुडघ्याखाली टॉवेलची घडी ठेवली आणि मांडीचा स्नायू आवळून ती घडी खाली दाबायला सांगितले. वीस वर्षे मैदानावर काढलेल्या मला ते जमले नाही. मी जीव एकवटून प्रयत्न करत होते, पण मांडी जणू कोणा दुसऱ्याची असावी तशी निपचित पडून होती. सांध्यात सूज असली की मांडीच्या पुढच्या स्नायूला जाणारी आज्ञाच शरीर रोखून धरते, त्यामुळे यात माझ्या जिद्दीची काही उणीव नाही, असे मॅडमनी समजावले तेव्हा मला रडू आवरले नाही. बर्फाचा शेक, पाय उंच ठेवणे आणि दर दोन तासांनी ती घडी दाबणे एवढेच काम चार दिवस केले, आणि पाचव्या दिवशी गुडघ्याची वाटी किंचित वर सरकताना दिसली.

या काळातली एक गोष्ट मुद्दाम लिहिते, कारण ती बहुतेक घरांत घडत असणार. सासूबाई मायेने माझ्या गुडघ्याखाली उशी ठेवायच्या आणि मलाही त्याने फार आराम वाटायचा. मॅडमनी पहिल्याच भेटीत ती उशी काढून टाचेखाली ठेवायला लावली. गुडघा वाकलेल्या स्थितीत राहिला तर शेवटचे चार-पाच अंश सरळ होणे अवघड होऊन बसते, आणि तेवढे अंश राहिले तरी माणूस लंगडत चालतो. वाकणे मात्र उशिरा आले तरी बहुधा येते. टाच उशीवर आणि गुडघा अधांतरी, अशा स्थितीत दहा मिनिटे पडून राहणे मला सगळ्यांत जड गेले. त्या वेळी सासूबाई शेजारी बसून घड्याळ पाहायच्या आणि ‘अजून तीन मिनिटं गं, झालंच,’ असे म्हणत माझे पाऊल धरून ठेवायच्या. तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस डावा गुडघा उजव्याइतका सरळ झाला.

त्यानंतरचे आठवडे तुलनेने सोपे गेले. पंधरा दिवसांत नव्वद अंश वाकणे, मग कुबड्या सुटणे, सहाव्या आठवड्यात एकशेवीस अंश, स्थिर सायकल, भिंतीला टेकून अर्ध्या उठाबशा, असे काही ना काही नवे दर आठवड्याला मिळत होते आणि त्या आनंदात व्यायाम आपोआप होत होता.

खरी अडचण मार्चमध्ये आली. दुखणे जवळजवळ थांबले होते, मी जिने चढत होते, शाळेत रुजू झाले होते, आणि ‘आता बरी झालीस ना?’ या प्रश्नाला मीही हो म्हणू लागले होते. त्यातच वार्षिक परीक्षा आणि पेपर तपासणी आली. एक दिवस व्यायाम राहिला, मग दोन दिवस, आणि पाहता पाहता अठरा दिवस गेले. पुढच्या तपासणीला मॅडमनी वाटीच्या वर पंधरा सेंटिमीटरवर टेप लावून दोन्ही मांड्यांचा घेर मोजला, तेव्हा डावी मांडी उजवीपेक्षा तीन सेंटिमीटरने बारीक भरली. त्या रागावल्या नाहीत. बसवलेली कंडरा सुरुवातीचे काही महिने उलट कमकुवत होत जाते, तिच्यात नव्याने रक्तवाहिन्या शिरून तिचा अस्थिबंध बनायला वर्षभर किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो, आणि गुडघा दुखायचा थांबतो तो नेमका ती नाजूक असतानाच, एवढेच त्यांनी शांतपणे सांगितले. आपण सुरक्षित आहोत असे मला ज्या दिवसांत वाटत होते, त्याच दिवसांत मी गुडघ्याला स्नायूंचा आधार नाकारला होता, हे त्या दिवशी कळले आणि ते मनाला फार लागले.

त्या रात्री मी शंभर पानी वही घेतली. दिवसभरात वेळ मिळेल तेव्हा व्यायाम करायचा, ही माझी चूक होती. पहाटे साडेपाचला, चहा घेण्याआधी, ही वेळ ठरवून टाकली. वहीत तारीख, व्यायाम, किती वेळा केला आणि संध्याकाळी सूज होती का, एवढेच लिहायचे. सूज दिसली तर दुसऱ्या दिवशी व्यायामातले वजन कमी करायचे, पण वही कोरी ठेवायची नाही. पायरीवरून एका पायाने हळू उतरण्याचा व्यायाम मी आरशासमोर करत असे, कारण गुडघा आत झुकतो आहे हे स्वतःला जाणवत नाही, पण आरशात दिसते. जुलैपर्यंत मांड्यांतला फरक एका सेंटिमीटरवर आला.

गणपतीत आरतीनंतर सगळे जण पंगतीला बसले, तेव्हा मी आठ महिन्यांनी प्रथमच मांडी घालून बसले. सासूबाईंनी वाढता वाढता थांबून माझ्या गुडघ्याकडे पाहिले आणि काही न बोलता पानात आणखी एक मोदक ठेवला.

ऑक्टोबरमध्ये, नऊ महिने पूर्ण झाल्यावर, एका पायावर उडी मारून अंतर मोजण्याची चाचणी झाली. दुखावलेल्या पायाची उडी चांगल्या पायाच्या किमान नव्वद टक्के असावी लागते. माझी शहाऐंशी टक्के भरली. त्यामुळे मैदानावर सरळ धावण्याची परवानगी आहे, खांबाला वळसा घेण्याची नाही. पुढची चाचणी डिसेंबरमध्ये आहे. सध्या मुलींना वळसा तोंडी समजावून सांगते. वहीची एकोणीस पाने शिल्लक आहेत आणि दुसरी वही आणून ठेवली आहे.