कचऱ्यात वाजलेला झायलोफोन

जुन्या एलपी डिजिटल करून देणं हे माझं रोजचं काम. त्या दिवशी टेबलावर 'द्युन' या फ्रेंच बँडची 'एरोस' होती. 1981ची, नांतच्या बँडनं पदरमोड करून काढलेली मूळ प्रत. 2000 साली तिची सीडीही निघाली, पण गिऱ्हाइकाला आपल्याच प्रतीचा आवाज हवा होता.

बँडचं नाव फ्रँक हर्बर्टच्या 'ड्यून' कादंबरीवरून. 'लेपीस' (मसाला) आणि 'आराकिस' (तो वाळवंटी ग्रह) ही रचनांची नावंही तिथलीच. संगीत मॅग्मा या फ्रेंच बँडच्या वळणाचं, म्हणजे त्यांनी रुजवलेल्या 'झ्योल' या शैलीचं. फक्त मॅग्मासारखा गाणाऱ्यांचा ताफा इथे नाही, जवळपास सगळा भार वादनावर: बासरी, गिटार, पियानो, बास, ड्रम आणि झायलोफोन. घोळ झाला तो या शेवटच्या वाद्यामुळे.

आधी धुलाई. तीन भाग डिस्टिल्ड वॉटर, एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल, ओल्या ब्रशनं खाचांच्या दिशेनं फिरवायचं आणि व्हॅक्यूमनं ओढून घ्यायचं. (मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या लाखेच्या तबकड्यांना अल्कोहोल चुकूनही लावू नये, लाख विरघळते.) सुईचा भार 2 ग्रॅम, रेकॉर्डिंग 24 बिट, 96 किलोहर्ट्झ, सगळ्यात मोठा आवाज उणे 6 डेसिबलच्या आत.

दुसऱ्या बाजूला एक आडवा ओरखडा होता. तबकडी मिनिटाला 33⅓ फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला 1.8 सेकंद. तेवढ्याच अंतरानं ठक्, ठक्. नेहमीसारखं क्लिक काढायचं सॉफ्टवेअर मध्यम तीव्रतेवर लावलं. निकाल स्वच्छ वाटला, जरा जास्तच स्वच्छ.

अशा वेळी मी नुसता काढून टाकलेला भाग ऐकतो. त्यात चरचर आणि ठकठकच असायला हवी. इथे त्या कचऱ्यात चक्क चाल ऐकू आली. सॉफ्टवेअरनं झायलोफोनच्या प्रत्येक टोल्याचं तोंड कापून नेलं होतं. उरलेला झायलोफोन उशीवर वाजवल्यासारखा मऊ.

कारण सरळ आहे. लाकडी पट्टीवर काठी पडते तेव्हा आवाज एकदोन मिलिसेकंदांत शिखर गाठतो, आणि सॉफ्टवेअर नेमकी असलीच उसळी शोधत असतं. पण मोठं करून पाहिलं की फरक दिसतो. टोल्याच्या मागे त्या सुराच्या नियमित लाटा हळूहळू विरत जातात. ओरखड्याला तसं शेपूट नसतं, आणि बहुतेकदा डाव्या-उजव्या चॅनलमध्ये त्याचा आकार वेगळा असतो. नुसत्या कानावर मात्र भरवसा ठेवू नये. संगीताच्या गर्दीत दोन्ही सारखेच वाटतात.

सगळं रद्द करून मूळ फाइलवर आलो. पहिल्या ठक्‌वर खूण केली आणि पुढे दर 1.8 सेकंदांनी खुणा टाकत गेलो. टर्नटेबलच्या वेगात बारीक फरक असतो, त्यामुळे खुणा हळूहळू सरकतात. दर दहाएक फेऱ्यांनी त्या पुन्हा जुळवून घ्याव्या लागतात. ओरखडा 48 फेऱ्यांवर होता, म्हणजे जवळजवळ दीड मिनिट. प्रत्येक ठिकाणी फक्त 1 ते 2 मिलिसेकंदांचा तुकडा निवडून आजूबाजूच्या लाटेवरून भरून काढला. 5 मिलिसेकंदांच्या पुढे गेलं की बासरीच्या लांब सुरात खड्डा पडतो. सॉफ्टवेअर शेवटी वापरलं ते फक्त रचनांमधल्या शांत जागांवर, सगळ्यात कमी तीव्रतेवर.

संध्याकाळी पुन्हा कचरा ऐकला. नुसती ठकठक, सूर एकही नाही. 47 जागा साफ झाल्या होत्या. उरलेली एक ठक् नेमकी झायलोफोनच्या टोल्यावर पडली होती. ती तशीच ठेवली आणि फाइलसोबतच्या चिठ्ठीत तिची वेळ लिहून दिली.