व्हायडेलियाचा गोड कांदा

अमेरिकेच्या दक्षिणेतील जॉर्जिया राज्यात व्हायडेलिया नावाचे जेमतेम दहा-अकरा हजार वस्तीचे शहर आहे आणि त्याची सारी प्रतिष्ठा कांद्यावर उभी आहे. येथे कांद्याचे संग्रहालय आहे, वसंतात कांद्याचा उत्सव भरतो आणि १९९० पासून हाच कांदा जॉर्जियाची अधिकृत राज्यभाजी आहे. कांद्याच्या भावापायी सरकारे हादरलेली पाहिलेल्या मराठी माणसाला या मानपानाचे नवल वाटत नाही. मला नवल वाटले ते त्याच्या चवीचे.

१९३१ च्या सुमारास मोझ कोलमन या शेतकऱ्याच्या लक्षात आले की आपल्या शेतातला कांदा तिखट निघालेला नाही. असला कांदा गिऱ्हाइकांच्या गळी उतरवणे सोपे नव्हते. पण अखेर पन्नास पौंडांची गोणी साडेतीन डॉलरला जाऊ लागली आणि मंदीच्या त्या दिवसांत एवढा भाव पाहून आजूबाजूच्या शेतकऱ्यांनीही कांदा लावायला घेतला. गोडीचे श्रेय आपण साखरेला देऊन मोकळे होतो. प्रत्यक्षात या कांद्यात साखर इतरांपेक्षा फारशी जास्त नसते, तिखटपणा तेवढा उणा असतो. डोळ्यांत पाणी आणणारे द्रव्य गंधकापासून तयार होते आणि इथल्या रेताड जमिनीत गंधकच कमी आहे. म्हणूनच १९८६ च्या कायद्याने या भागातील वीस काउंट्यांच्या ठरावीक हद्दीत पिकलेल्या कांद्यालाच हे नाव लावण्याची मुभा ठेवली. आपल्या अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला मिळालेले भौगोलिक मानांकन याच जातकुळीतले.

कांदा चपटा, साल पिवळसर आणि इतकी पातळ की नखानेही निघावी. सुरी फिरताच फळीवर पाणी साचते. या पाण्यामुळेच तो फार टिकत नाही, आणि एक कांदा दुसऱ्याला लागून नासू नये म्हणून इथल्या गृहिणी जुन्या नायलॉनच्या पायमोज्यांत कांदे भरून प्रत्येक कांद्यानंतर गाठ मारतात व तो मोजा खुंटीला टांगून ठेवतात. अलिबागकडे पातीसकट वेण्या घालून टांगलेल्या कांद्याच्या माळा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना या मोज्यांचे हसू येईल. पण हवा खेळती ठेवण्याची युक्ती दोहोंकडे एकच आहे.

हा कांदा सफरचंदासारखा खाता येतो, असे तेथील लोक अभिमानाने सांगतात, आणि ते खोटे नाही. माझी तक्रार एवढीच की पिठलं-भाकरीशी त्याचे जमत नाही. बुक्कीने फोडलेला कांदा नाकात झणझणलाच पाहिजे. हा बिचारा मुकाट्याने फुटतो आणि गोड लागतो. दह्यातल्या कोशिंबिरीला मात्र तो उत्तम, वरून चिमूटभर साखरही लागत नाही. भज्यांसाठी तर मीठ लावून ठेवला की त्याला इतके पाणी सुटते की बेसन त्यातच भिजते, आणि चुकून कोणी वेगळे पाणी घातलेच, तर भजी सोडून धिरडी करावी लागतात.