टॅपेट वाजत नव्हते

एटीव्हीच्या, म्हणजे रानात चालणाऱ्या जाड चाकांच्या गाडीच्या, मालकांची तक्रार सरळ होती. "खाली ठीक चालते, वर ओढतच नाही. सायलेन्सरची जाळी काढूनच टाका."

जाळी मी कुणाचीच काढून टाकत नाही. सायलेन्सरच्या शेवटी बसवलेली ती बारीक तारेची टोपी कार्बनचे जळते कण अडवते. ती नसेल तर वाळल्या गवतात एक ठिणगी पुरते. काढून टाकायचा सल्ला देणारे मेकॅनिक आहेत, आणि मला त्यांचा राग येतो. ब्रशने घासायला वेळ तो किती लागतो!

ही जाळी उजेडासमोर धरली तर जेमतेम चार-पाच भोकं दिसत होती. धुराला बाहेर पडायला वाटच नाही, मग इंजिन ओढणार कसं? घासून साफ केली. बेंड पाईपचं सील दबलेलं होतं, तेही बदललं. नटांना आदल्या रात्री तेल मारून ठेवलं नसतं, तर एखादा स्टड तुटून हेडमध्येच राहिला असता. फेरी मारली, पिकअप परत आला, मालक खूश.

गाडी बंद केली आणि आत लावायला पुन्हा सेल मारला. घेईना. चौथ्या वेळी घेतलं. गार असताना लगेच सुरू होते आणि गरम झाली की अडते, याचा अर्थ मला ठाऊक होता. पोटात गोळा आला, कारण मागची सर्व्हिस माझ्याच हातची. ऑइल, फिल्टर, प्लग सगळं केलं होतं. व्हॉल्व्ह दाबणारा रॉकर आणि व्हॉल्व्हचा दांडा यांच्यात बारीक मोकळीक असते; ती वाढली की टॅपेट वाजतात. वाजत नव्हते म्हणून झाकण तेवढं उघडलं नव्हतं.

टॅपेट वाजले की माणूस घाबरून गाडी आणतो. खरी भीती आवाज बंद होतो तेव्हाची. धूर बाहेर सोडणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह त्याच्या बैठकीत, म्हणजे सीटमध्ये, खचत जातो, तसा दांडा वर सरकतो आणि मोकळीक संपते. मग गरम इंजिनात व्हॉल्व्ह पूर्ण बसतच नाही. कॉम्प्रेशन जातं, व्हॉल्व्हची उष्णता सीटमध्ये उतरत नाही आणि त्याची कड जळू लागते.

गाडी ठेवून घेतली. गरम इंजिनावर मी टॅपेटचं माप घेत नाही. सकाळी पिस्टन सगळ्यात वर आल्याचं दाखवणारी फ्लायव्हीलची टी खूण खिडकीत आणली. इनटेकचा रॉकर हलला, एक्झॉस्टचा हलेना. खात्री करावी म्हणून क्रँक दोन फेरे फिरवून पुन्हा खुणेवर आणला. तेच. पुस्तकात मोकळीक ०.१५ मिमी, आणि इथे ०.०५ ची मापाची पात टोकानेही शिरेना.

सेट केलं. पात ओढताना हाताला हलकी ओढ लागली पाहिजे. लॉकनट आवळताना स्क्रू फिरतो, म्हणून आवळल्यावर पुन्हा मोजलं. मग प्लगच्या भोकातून हवा भरून सायलेन्सरला कान लावला. बारीक फुसफुस होतीच, म्हणजे व्हॉल्व्ह अजून पूर्ण बसत नव्हता.

आता गरम गाडी पहिल्या सेलला घेते. "झालं की मग," मालक म्हणाले. वीस तास चालवून टॅपेट मोजायला आणा, असं मी त्यांना सांगितलंय. मोकळीक परत कमी झाली असेल तर हेड उघडावं लागेल. मागचं माप असतं तर व्हॉल्व्ह किती वेगाने खचतोय ते आजच सांगता आलं असतं. वहीत त्या रकान्यात मी नुसती रेघ ओढलीये.